पंडिता रमाबाई : दुःखातून लाभलेली शांती

आपल्या ज्ञातीत जन्मास येऊन ज्यांनी विद्येने, शौर्याने वा लोकसेवेने कीर्ती मिळविली, अशा थोर स्त्रीपुरुषांची अल्पचरित्रे या स्मरणिकेतून देण्याची प्रथा आहे. यंदा आम्ही जे नाव घेत आहोत ते काही सभासदांस खटकेल, याची आम्हांस जाणीव आहे. पंडिता रमाबाई या चित्पावन कुळात जन्मल्या खऱ्या, परंतु पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. तेव्हा त्यांचा समावेश ज्ञातीच्या ग्रंथात करावा काय, असा प्रश्न आम्हांस विचारला गेला. आमचे उत्तर असे की, ज्या दुःखांतून व ज्या अव्हेरातून जाऊन बाई त्या श्रद्धेपर्यंत पोहोचल्या, त्यांपैकी बरेचसे आपल्याच लोकांच्या हातून घडले आहे. म्हणून हे चरित्र आपण वाचणे उचित होय.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकाच्या किनारपट्टीतील विद्वान वैदिक ब्राह्मण. आपले गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत, हे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते आणि स्त्रियांसही देववाणी शिकता यावी, असे त्यांच्या मनाने घेतले होते. पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनी संस्कृत शिकविले, तेव्हा त्या गोष्टीचा बोभाटा होऊन शास्त्रीबुवांस उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे उभे राहावे लागले. शास्त्राधाराने त्यांनी आपली बाजू मांडली. पुढे ते सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे आश्रम करून राहिले. तेथे दिनांक २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

अतिथिसत्कार व दानधर्म यांत द्रव्य संपले आणि रमा अगदी तान्ही असतानाच कुटुंब यात्रेस निघाले. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, असा क्रम होता. मातोश्रींनीच मुलीस शिकविले. भागवताचे १८,००० श्लोक तिला लहान वयातच मुखोद्गत झाले. परंतु १८७०नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या विद्येने पोट भरेना. देवापुढे उपासतापास झाले, होते नव्हते ते दानात गेले, झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. अखेर वडिलांनी देह ठेवला, त्यांच्या मागोमाग आईही गेली.

येथील एक प्रसंग आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विसरू नये असा आहे. मातोश्रींचे प्रेत उचलण्यास ब्राह्मण मिळेनात. स्मशान कोसभराहून अधिक दूर होते. अखेर दोघां ब्राह्मणांस दया आली. तिसरा खांदा मुलाने दिला आणि चौथ्या बाजूस स्वतः रमा होती. ती ठेंगणी असल्यामुळे खांदा पुरेना, म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. ज्या शास्त्रीबुवांनी सारे आयुष्य ब्राह्मणभोजनांत व दानांत वेचले, त्यांच्या पत्नीच्या शेवटच्या प्रवासास चार माणसे मिळू नयेत, ही गोष्ट त्या मुलीच्या अंतःकरणात खोल रुतली असल्यास नवल नाही.

थोरली बहीणही गेली. उरले रमा आणि तिचे बंधू श्रीनिवास. या दोघांनी पायी हजारो मैल प्रवास केला. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. मूर्तीपुढे ठेवलेल्या विश्वासाचे फळ मिळत नाही, असे दोघांसही हळूहळू वाटू लागले होते. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्म नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांस वेदाची प्रत देऊन वेद वाचण्यास उत्तेजन दिले. इतके दिवस स्त्रीस वेदाधिकार नाही असे मानून त्या त्यापासून दूर राहिल्या होत्या. पुढे धर्मशास्त्राचे ग्रंथ त्यांनी स्वतः चाळले, तेव्हा स्त्रीच्या मोक्षाविषयी ग्रंथकारांनी जे लिहिले आहे ते पाहून त्यांचे मन विटले.

१८८० साली बंधू श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे उभयतांस आप्तेष्ट दुरावले. आसामच्या बाजूस सिल्चर येथे त्यांचा संसार सुखाचा झाला. कन्या मनोरमा १८८१ साली जन्मली. परंतु १८८२च्या फेब्रुवारीत पतीस पटकी होऊन तेही गेले. वयाच्या २४व्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि पती हे सर्व गमावलेली ही विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली.

सिल्चर येथील घरात पतीच्या पुस्तकांमध्ये बंगाली भाषेतील लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत बाईंस सापडली होती आणि ती त्यांस आवडली होती. पतीस मात्र ख्रिस्ती होण्याची कल्पना रुचली नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांनी बाईंचे स्वागत केले. तेथे आर्य महिला समाज स्थापन झाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध झाले, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष झाली. वैद्यक शिकावे या हेतूने १८८३ साली त्या मनोरमेस व आनंदीबाई भगत या सोबतिणीस घेऊन विलायतेस गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. कर्णदोषामुळे वैद्यकाचा विचार पुढे सोडावा लागला.

लंडनजवळ फुलहॅम येथे त्याच भगिनींचे एक गृह होते. वाट चुकलेल्या स्त्रिया तेथे ठेवल्या जात व त्यांची प्रेमाने शुश्रूषा होई. असे दृश्य बाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. पतित स्त्रीविषयी हे लोक इतकी करुणा का बाळगतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीकाठची कथा त्यांस वाचून दाखविण्यात आली. स्त्रीला कमी न लेखणारा, तिच्या गतायुष्यासाठी तिला दूर न लोटणारा तारक आपणांस येथे भेटला, असे बाईंस वाटले. शास्त्रीय शंकांचे निरसन नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांनी झाले. काशीस वाढलेले हे पंडितही मूळचे आपल्याच ज्ञातीचे. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले होते. दिनांक २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वी थोड्याच दिवसांत आनंदीबाई भगत यांचा अत्यंत दुःखद अंत झाला होता. परक्या मुलखात बाईंवर आलेला तो आणखी एक आघात होय.

महाराष्ट्रात या वार्तेने मोठा क्षोभ झाला. पुण्याने ज्या विदुषीस डोक्यावर घेतले होते तिने आपणांस दगा दिला, असे पुष्कळांस वाटले. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार' या पुस्तिकेत बाईंची बाजू घेतली. इकडे वाँटेजमध्येही सारे सुरळीत नव्हते. ज्या भगिनींनी बाईंस मायेने जवळ केले, त्यांसच या शिष्येचे स्वतंत्र विचार सोसवेनात. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढल्यावर दुसऱ्याचे घेण्यास बाई तयार नव्हत्या, आणि तसे त्यांनी स्पष्टपणे कळविले. बायबल स्वतः वाचून पटेल तेवढेच मानावे, हा त्यांचा बाणा राहिला. मांसाहार त्यांनी जन्मभर केला नाही.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास बाई अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई त्यांच्या नात्यातील होत. पुढील वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवागृहासाठी साह्य मिळू लागले, आणि दिनांक ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे वचन होते. ब्राह्मण मुलींचे सोवळेओवळे सांभाळले जाई.

याच काळात बाईंच्या अंतरंगात एक बदल घडला. १८९१च्या सुमारास त्यांच्या ध्यानी आले की, आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त मात्र आपणांस भेटला नाही. मते पटली होती, मनास शांती नव्हती. आपल्या पुण्याईवर काही मिळवावयाचे नसून, जो दुःखितांसाठी स्वतः दुःख भोगून गेला त्याच्या चरणी आपणांस टाकावयाचे आहे, असा बोध त्यांस झाला. जन्मभर व्रते, उपवास, तीर्थे यांच्या योगे देवास प्रसन्न करू पाहणाऱ्या घरातील मुलीस हा भार उतरल्यासारखे वाटले असेल, हे आम्ही समजू शकतो.

त्यानंतर लवकरच बाईंस आपल्याच लोकांकडून सर्वांत मोठा धक्का बसला. बाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि ज्या मुलींस यावेसे वाटे त्या येऊन बसत. हा तटस्थतेचा भंग आहे असा आक्षेप निघाला. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आम्ही येथे एकांगी निवाडा देऊ इच्छित नाही. आपली लेक आपल्या धर्मास अंतरेल ही आईबापांची भीती खोटी नव्हती, आणि दिल्या वचनाचा अर्थ सल्लागारांस वेगळा वाटला, तर तोही प्रामाणिकपणे वाटला असेल. परंतु कोणत्याही मुलीस आपल्या मनाप्रमाणे देवाची प्रार्थना करण्यास मी मज्जाव करणार नाही, ही बाईंची भूमिकाही प्रामाणिक होती. आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही : ज्या केशवपन केलेल्या, घराच्या कोपऱ्यात टाकलेल्या बालविधवा सदनातून परत नेल्या गेल्या, त्यांस परत नेणाऱ्या समाजापाशी त्या दिवशी दुसरे सदन तयार नव्हते.

अशा वेळी मनुष्य कटू होतो. बाईंची टीका तिखट असे, स्वभाव करारी होता, परंतु सूड उगवावा अशी वृत्ती त्यांच्या आयुष्यात दिसत नाही. माणसे सोडून जातात हे त्यांनी बालपणापासून पाहिले होते. जो सोडून जाणार नाही असा एक आता आपणांस मिळाला आहे, या विश्वासावर त्या उभ्या राहिल्या. त्या विश्वासाची कसोटी लवकरच लागली. १८९६-९७ साली मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार बाईंस आठवली. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांस ठेवता येईना, तेव्हा फळबागेसाठी केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर राहुट्या व झोपड्या उभारल्या गेल्या. हेच मुक्तिसदन. १९००च्या गुजराथच्या दुष्काळानंतर येथील संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. विणकाम, शेती, दुग्धालय, छापखाना, शाळा हे सर्व स्त्रियाच चालवू लागल्या. पतितांसाठी कृपासदन झाले, अंधांस ब्रेल लिपी शिकविण्यात येऊ लागली. फुलहॅमला पाहिलेले दृश्य बाईंनी केडगावी उभे केले.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविले. अल्पशिक्षित स्त्रीस ते कळावे, हा हेतू होता. जुळणी, छपाई आश्रमातील स्त्रियांनीच केली. कानांनी ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. कार्याचा भार जिच्यावर सोपवावयाचा ती एकुलती एक कन्या मनोरमा दिनांक २४ जुलै १९२१ रोजी निवर्तली. साठी ओलांडलेल्या त्या मातेने शोक आवरून भाषांतराचे काम चालू ठेवले, ते पुरे केले, आणि दिनांक ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

शारदा सदनातील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक बालविधवा म्हणजे गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांवर त्यांच्या गावाने बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. आज अण्णासाहेब कर्व्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्या कार्याचा एक झरा रमाबाईंच्या घरातून निघाला होता, हेही सांगितले पाहिजे.

बाईंनी स्वीकारलेला धर्म आपण स्वीकारावा, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. ज्याला जेथे शांती लाभते तेथे ती त्याला लाभो. परंतु वाचक बंधुभगिनींनो, आपल्याच एका लेकीस दुःखात आधार शोधण्यासाठी आपले दार सोडून जावे लागले आणि गेल्यावर आपण ते दार लावून घेतले, ही गोष्ट आपल्या इतिहासात आहे. आजही प्रत्येक ज्ञातीत कोणी परित्यक्ता असते, कोणी मनाविरुद्ध विवाह केला म्हणून तोडलेली मुलगी असते, कोणी प्रेतास खांदा देणारे नाहीत असे घर असते. आपल्या सभासद कुटुंबांनी वर्षातून एकदा तरी अशा घराची चौकशी करावी, एवढीच या चरित्राच्या निमित्ताने आमची नम्र विनंती आहे.