गॅलिलिओ आणि गोफणीचा दगड

ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवितो व पाखरें उडवून लावितो. दगड केव्हां सोडला असतां कोठें पडेल, हें त्याच्या हाताला ठाऊक असतें. पण वाशीमकडे काय किंवा अन्यत्र काय, त्याच राखणदाराचा मुलगा अकरावीच्या वर्गांत फेंकलेल्या वस्तूच्या गतीचें उदाहरण पुढें येतांच गांगरतो, सूत्र आठवूं लागतो, आणि तें न आठवल्यास लेखणी खालीं ठेवितो. बापाच्या हातांतील ज्ञान मुलाच्या डोक्यांत कां उतरूं नये? ज्या पुरुषानें या दगडाचा मार्ग जगाला प्रथम समजावून दिला, त्याच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें.

गॅलिलिओ गॅलिली याचा जन्म 15 फेब्रुवारी 1564 रोजीं इटलींतील पिसा शहरीं झाला. बाप संगीतज्ञ, घरची स्थिति बेताची. मुलानें वैद्य व्हावें म्हणून बापानें त्यास विद्यापीठांत घातलें. परंतु त्याचें मन गणितांत रमलें आणि 1585 मध्यें पदवी न घेतांच तो बाहेर पडला. 1589 मध्यें त्याच पिसा येथें तो गणिताचा अध्यापक झाला व 1592 पासून अठरा वर्षें त्यानें पादुआ येथें शिकविलें.

त्या काळीं अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द म्हणजे वेदवाक्य. तोफेचा गोळा प्रथम सरळ जातो व जोर संपला म्हणजे खालीं येतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. 45 अंशांच्या कोनांत तोफ रोखल्यास गोळा सर्वांत दूर जातो, हें टार्टाग्लिया यानें 1537 मध्यें लिहून ठेविलें होतें. पण तसें कां होतें, हें कोणास सिद्ध करितां आलें नव्हतें.

गॅलिलिओनें ग्रंथांस न विचारतां वस्तूंसच विचारलें. खालीं पडणारी वस्तु फार वेगानें पडते, आणि सूक्ष्म काळ मोजणारें घड्याळ तेव्हां नव्हतें. म्हणून त्यानें उतरत्या फळीला खोबण पाडून तींतून पितळी गोळी घरंगळत सोडली, व तेवढ्या वेळांत भांड्यांतून गळलेलें पाणी तोलून काळ मोजला. दुप्पट काळांत अंतर चौपट, तिप्पट काळांत नऊपट, असा नियम त्यास आढळला. पुढें 1608 च्या सुमारास मेजावरून गोळ्या उडवून त्या कोठें पडतात याच्या नोंदी त्यानें केल्या. त्यांवरून त्यानें ठरविलें कीं, अशा वस्तूच्या अंगीं एकाच वेळीं दोन गति असतात व एक दुसरीच्या आड येत नाहीं. आडवी गति सारखी राहते, उभी गति क्षणोक्षणीं बदलते, आणि दोहोंच्या मिळणीनें परवलय नांवाची वक्ररेषा उमटते.

आमच्या व्यापारी वाचकांस हें चटकन पटेल. रोकडीचें खातें व मालाचें खातें कोणी एकांत एक मिसळीत नाहीं. दोहोंस जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तारीख. येथें तारखेच्या ठिकाणीं काळ आहे. समजा, 20 मीटर उंचीवरून दगड आडवा, सेकंदास 15 मीटर वेगानें फेंकला. उभ्या खात्यांत पाहतां गुरुत्वाचें मान 10 धरल्यास 20 मीटर पडावयास 2 सेकंद लागतात. आडव्या खात्यांत तेवढ्याच 2 सेकंदांत 30 मीटर अंतर जमा होतें. तोच दगड नुसता हातांतून सोडला असता, तरी त्यास 2 सेकंदच लागले असते. आतां जमिनीवरून 25 मीटर वेगानें तिरपा असा फेंका, कीं वेगाचा उभा भाग 20 व आडवा भाग 15 व्हावा. वर जावयास 2 सेकंद, खालीं यावयास 2 सेकंद. अंतर 15 गुणिलें 4, म्हणजे 60 मीटर. जो विद्यार्थी 25 हा आंकडा दोन्ही खात्यांत मांडतो, त्याचा हिशेब बुडतो. हवेचा अडथळा मात्र येथें सोडून दिला आहे. तो गॅलिलिओनेंही मान्य केला होता.

पुढील कथा दुःखद आहे. 1610 मध्यें दुर्बिणीनें पाहिलेले गुरूचे चंद्र प्रसिद्ध करून त्यानें कीर्ति मिळविली. पृथ्वी फिरते या मताची बाजू मांडणारा त्याचा इटालियन ग्रंथ 1632 मध्यें निघाला, आणि 1633 मध्यें रोम येथील धर्मन्यायालयानें त्यास तें मत सोडावयास लावून आमरण नजरकैदेंत ठेविलें. वय सत्तरीचें, दृष्टि मंदावत चाललेली. तरी त्यानें तरुणपणच्या त्या नोंदी पुन्हां काढल्या. फेंकलेल्या वस्तूंच्या गतीचें विवेचन ज्यांत आहे, तो ग्रंथ 1638 मध्यें हॉलंडांतील लायडन येथें छापला गेला. त्या सुमारास तो पूर्ण अंध झाला होता. 8 जानेवारी 1642 रोजीं तो वारला. त्याच्या बाबतींत चूक झाली, हें पोपनें 1992 मध्यें कबूल केलें.

या ग्रंथांतील सिद्धान्त लॅटिनमध्यें आहेत, पण त्यांवरील संवाद लोकांच्या इटालियन भाषेंत आहेत. आपल्याकडे पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे (1825–1884) यांनीं पदार्थविज्ञान मराठींत लिहून हाच मार्ग धरला. मग सूत्र पाठ करवून घेण्याची घाई आम्ही कां करावी? एक मेज, एक गोटी, वाळूचें ताट व मोजपट्टी एवढी सामुग्री कोणत्याही शाळेस परवडेल. शिक्षकांनीं प्रथम गोटी उडवावी, मग दोन खातीं मांडावीं, सूत्र शेवटीं सांगावें. आणि गांवांतील सधन गृहस्थांनीं देणगी देतांना इमारतीबरोबर या ताटाचीही आठवण ठेवावी. अंधत्व येत असतां एका वृद्धानें जें जपून ठेविलें, तें डोळस मुलांनीं न समजतां घोकावें, ही गोष्ट कोणत्याही समाजास भूषणावह नाहीं.