सर फेबियन वेअर : मृत शिपायांचीं नांवें जपणारा पुरुष

प्रतिवर्षीं नोव्हेंबर महिन्याच्या ११ व्या दिवशीं, सकाळीं अकराच्या ठोक्यास, इंग्लंडांत व इतर कित्येक देशांत लोक दोन मिनिटें स्तब्ध उभे राहतात. १९१८ सालीं याच दिवशीं व याच घटकेस पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम रणभूमीवरील तोफा थंडावल्या, आणि १९१९ सालापासून युद्धांत कामास आलेल्यांच्या स्मरणार्थ हें मौन पाळण्याचा प्रघात पडला. त्या प्रसंगीं स्मारकांवर फुलें वाहिलीं जातात आणि वयोवृद्ध शिपाई छातीवर पदकें लावून रांगेनें चालतात. परंतु तो दिवस मावळल्यावर वर्षाचे उरलेले दिवस त्या मृतांची आठवण कोण ठेवतो? त्यांचीं थडगीं कोण झाडतो? त्यांवरील अक्षरें पुसट झालीं तर तीं पुन्हां कोण कोरतो? या प्रश्नांचें उत्तर ज्या पुरुषाच्या चरित्रांत सांपडतें, त्या सर फेबियन वेअर यांची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडील मंडळींस करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

वेअरसाहेबांचा जन्म १८६९ सालच्या जून महिन्यांत ब्रिस्टल शहराच्या क्लिफ्टन नांवाच्या भागांत झाला. त्यांचें आरंभीचें शिक्षण घरींच झालें. पुढें लंडन व पॅरिस येथील विश्वविद्यालयांत त्यांनीं अध्ययन केलें व फ्रेंच भाषा उत्तम प्रकारें आत्मसात केली. तरुणपणीं सुमारें दहा वर्षें त्यांनीं शाळेंत शिक्षकाचें काम केलें, ही गोष्ट शाळेच्या वार्षिकाच्या वाचकांस विशेष गोड वाटेल. १९०१ सालीं ते दक्षिण आफ्रिकेंत ट्रान्सवाल प्रांताच्या शिक्षणखात्यांत गेले व लवकरच त्या खात्याचे मुख्य झाले. १९०५ सालीं स्वदेशीं परत येऊन त्यांनीं लंडनच्या मॉर्निंग पोस्ट या पत्राचें संपादकत्व स्वीकारलें व १९११ पर्यंत तें सांभाळलें. तात्पर्य, शिक्षक, अधिकारी व संपादक या नात्यांनीं त्यांचा अर्धा जन्म गेला होता. तरवार हा त्यांचा व्यवसाय नव्हता.

१९१४ च्या ऑगस्ट महिन्यांत महायुद्धास तोंड लागलें, तेव्हां त्यांचें वय ४५ वर्षांचें होतें. या वयांत सैन्यांत प्रवेश मिळेना, म्हणून त्यांनीं रेड क्रॉस संस्थेच्या एका मोटारपथकाचें नायकत्व पत्करलें व सप्टेंबरांत ते उत्तर फ्रान्सांत दाखल झाले. जखमी व बेपत्ता शिपायांचा शोध करणें हें या पथकाचें काम. तें करीत असतां त्यांच्या दृष्टीस एक वेगळेंच दुःख पडलें. शेतांच्या बांधांवर, रस्त्यांच्या कडेस, मोडक्या घरांच्या आवारांत घाईघाईनें पुरलेले शिपाई जागोजाग होते. कोठें लांकडाचा साधा क्रूस, कोठें नुसती फळी, आणि तीवर पेन्सिलीनें लिहिलेलें नांव. चार पावसांत तें नांव धुऊन जाई. तोफेचा एखादा गोळा जवळ पडला कीं खूणहि नाहींशी होई. हीं थडगीं कोणाचीं, याची नोंद ठेवण्याचें काम सैन्यांत कोणाकडेच नीट सोंपविलेलें नव्हतें.

वेअरसाहेबांनीं तें काम आपण होऊन अंगावर घेतलें. मृताचें नांव, त्याची पलटण व पुरल्याची जागा वहींत टिपावी, खूण पक्की करावी, आणि घरीं वाट पाहणाऱ्या आप्तांनीं विचारणा केल्यास त्यांस कळवावें, असा क्रम त्यांनीं सुरू केला. पुढें थडग्याचें छायाचित्रहि आप्तांस पाठविण्यांत येऊं लागलें. १९१५ च्या मार्च महिन्यांत लष्करानें या कार्यास मान्यता दिली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत ३१,००० हून अधिक थडग्यांची नोंद झाली. फ्रेंच अधिकाऱ्यांशीं बोलणीं करण्याच्या कामीं वेअरसाहेबांचें भाषाज्ञान फार उपयोगी पडलें. १९१५ च्या डिसेंबरांत फ्रान्सनें कायदा करून या दफनभूमींसाठीं जमीन कायमची देऊं केली.

परंतु केवळ नोंदीनें काम भागण्यासारखें नव्हतें. मागील काळच्या लढायांत सेनापतींचीं स्मारकें उभारलीं जात, आणि साधे शिपाई बहुधा एका मोठ्या खड्ड्यांत निनांवी लोटले जात. या युद्धांतहि भेदभावाचीं चिन्हें दिसूं लागलीं होतीं. १९१५ च्या एप्रिलांत पूर्वींचे मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू रणांगणावर पडला, तेव्हां त्याचें शव स्वदेशीं आणविण्यांत आलें. ज्याचें घराणें थोर त्याचा देह घरीं यावा, आणि गरिबाच्या मुलाचा चिखलांत राहावा, हें वेअरसाहेबांस रुचणारें नव्हतें. लौकरच शव परत नेण्यास सर्वांनाच बंदी झाली. जे एकत्र लढले ते एकत्रच विसावा घेतील, हुद्दा, वंश, धर्म वा संपत्ति यांवरून त्यांत अंतर पडणार नाहीं, असें तत्त्व ठरलें.

या तत्त्वास स्थायी स्वरूप देण्यासाठीं २१ मे १९१७ रोजीं राजाच्या सनदेनें इम्पीरियल वॉर ग्रेव्ज कमिशन हें मंडळ स्थापन झालें. युवराज त्याचे अध्यक्ष व वेअरसाहेब उपाध्यक्ष झाले. परंतु खरा भार वेअरसाहेबांच्या खांद्यांवर होता. लटियन्स, बेकर व ब्लॉमफील्ड हे नामांकित शिल्पज्ञ त्यांनीं मिळविले. शिलालेखांच्या शब्दयोजनेसाठीं कवि रड्यर्ड किपलिंग साहाय्यास आले. आपल्या मुंबईंत जन्मलेल्या या कवीचा एकुलता एक मुलगा १९१५ सालीं लूस येथील लढाईंत बेपत्ता झाला होता, आणि बापाच्या हयातींत त्याचा ठावठिकाणा लागला नाहीं. प्रत्येक थडग्यावर २ फूट ८ इंच उंच व १ फूट ३ इंच रुंद अशी एकाच मापाची शिळा उभी करावी, तीवर नांव, हुद्दा, पलटणीचें चिन्ह, मृत्यूची तारीख व ज्याच्या त्याच्या धर्माची खूण असावी, असें ठरलें. सेनापति असो कीं साधा शिपाई, शिळा तीच.

हा नियम सर्वांनीं आनंदानें मान्य केला, असें मात्र झालें नाहीं. आपल्या मुलाचा देह गांवच्या मातींत यावा, निदान त्याच्या उशाशीं आपल्या मनाजोगा क्रूस असावा, अशी हजारों मातांची इच्छा होती. आठ हजारांवर सह्यांचा अर्ज युवराजांकडे गेला, आणि ४ मे १९२० रोजीं पार्लमेंटांत या प्रश्नावर मोठा वादविवाद झाला. त्या मातांचें दुःख खोटें होतें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तथापि ज्या आईपाशीं खर्चास पैसा नव्हता, तिच्या मुलाची बाजू त्या दिवशीं मंडळाच्या नियमानेंच राखली. नियम कायम राहिला. ज्यांचे देह सांपडले नाहींत, त्यांचीं नांवें मोठमोठ्या स्मारकांवर कोरण्यांत आलीं. १९३२ सालीं खुल्या झालेल्या फ्रान्सांतील थीपव्हाल येथील एकाच स्मारकावर ७२,००० हून अधिक नांवें आहेत.

येथवरची हकीकत वाचून मन भरून येतें. परंतु चरित्रकारानें उजेडाबरोबर छायाहि दाखविली पाहिजे. फ्रान्सांत न्यूव्ह शापेल येथें १९२७ सालीं हिंदी सैनिकांचें स्मारक झालें व त्यावर ४,७०० हून अधिक नांवें कोरलीं गेलीं. परंतु मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, निराळाच प्रकार घडला. त्या रणभूमीवर आपल्या मराठा पलटणी लढल्या होत्या. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या पलटणी तर कुट येथील वेढ्यांत उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजीं शत्रूच्या हातीं सांपडल्या. १९२९ सालीं बसरा येथें जें स्मारक उभारलें, त्यावर अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं. साध्या हिंदी शिपायांचा मात्र अमक्या पलटणीचे इतके, असा केवळ आंकडा दिला. आफ्रिकेंतील कित्येक शिपाई व हमाल यांच्या वांट्यास तर आंकडाहि आला नाहीं. अशा लोकांस नांवाचें अगत्य नसतें, अशी त्या वेळच्या राज्यकर्त्यांची समजूत होती. मंडळाचीं सूत्रें वेअरसाहेबांच्याच हातीं होतीं. तेव्हां या दोषांतून त्यांस सर्वस्वीं मुक्त करतां येत नाहीं. पुढें १९६० सालीं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन असें नांव धारण केलेल्या याच मंडळानें २०२१ सालीं चौकशी करून हा अन्याय उघड मान्य केला, जाहीर क्षमा मागितली, व राहिलेलीं नांवें शोधण्याचें काम हातीं घेतलें.

दुसऱ्या महायुद्धांत वृद्ध वेअरसाहेबांनीं पुन्हां थडग्यांच्या नोंदीचा भार उचलला. विमानांच्या हल्ल्यांत मेलेल्या नागरिकांचीं नांवेंहि जपलीं जावींत, असा त्यांनीं आग्रह धरला. तीं नांवें ग्रंथांत लिहून लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या मंदिरांत ठेवलीं आहेत. याच युद्धांत कुलाबा जिल्ह्याच्या माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत असामान्य शौर्य गाजवून पडले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. त्यांचें थडगें ज्ञात नाहीं. परंतु कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचें नांव आहे. बसऱ्याच्या भिंतीवर जें राहून गेलें होतें, तें येथें साधलें.

१९४८ सालीं वेअरसाहेब निवृत्त झाले व २८ एप्रिल १९४९ रोजीं वयाच्या ७९ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला. ग्लॉस्टरशायरमधील ॲम्बर्ले येथील चर्चच्या आवारांत ते विसावले आहेत. त्यांच्या उशाशीं जी शिळा आहे, ती साध्या शिपायाच्या शिळेच्याच घाटाची आहे. दुसऱ्यांस घालून दिलेला नियम त्यांस स्वतःसहि लागू झाला.

विद्यार्थिमित्रहो, या शिळा पाहण्यास परदेशीं जावयास नको. पुण्याजवळ खडकी येथील दफनभूमींत त्या रांगेनें उभ्या आहेत. परंतु आम्ही तुम्हांस याहूनहि जवळचें स्थळ दाखवूं इच्छितों. आपल्याकडील कित्येक गांवांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतींत एक लहानशी शिळा बसविलेली आढळते. या गांवाहून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकीं इतके परत आले नाहींत, एवढेंच तीवर असतें. नांव एकाचेंहि नसतें. सुटींत गांवीं जाल तेव्हां अशी शिळा आहे काय तें पाहा. आजोबांस, आजीस, गांवांतील जुन्या शिपायांस विचारा. आणि जीं नांवें हातीं लागतील तीं वहींत स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवा. वेअरसाहेबांनींहि आरंभ एका वहीपासूनच केला होता.