२२ व्या वर्षी मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पुढं एका गुप्त सभेमागचं डोकं ठरले

वारणानगरच्या एखाद्या दोस्ताला फोन लावा आणि काय चाललंय विचारा. ताटावर बसला असेल तर तो सांगेल, जेवायलोय. पुण्याचा असेल तर म्हणेल, जेवतोय. अर्थ एकच, पण कोल्हापूरकडच्या गड्यानं क्रियापदाचं रूपच बदललं. तिकडं पाऊस पडायलाय, पोरगं रडायलंय आणि गडी झोपायलाय. पुस्तकी मराठीवाल्याला वाटतं, हा आता झोपायच्या तयारीत आहे. प्रत्यक्षात तो कधीच घोरायला लागलेला असतो.

आता इंग्रजीकडं या. डू हे साधं क्रियापद घ्या. वॉन्ट आलं की पुढं टू डू येतं, कॅन आलं की नुसतं डू, एन्जॉय आलं की डुइंग. स्टॉपची तर गंमतच आहे. स्टॉप डुइंग म्हणजे करायचं बंद करणं आणि स्टॉप टू डू म्हणजे काहीतरी करण्यासाठी थांबणं. शाळेत हे पाठ करताना आपला जीव जातो, पण तोच खेळ आपण घरी दिवसभर खेळतो. करायचंय, करू शकतो, करत राहतो, करून टाकतो. फरक एवढाच की इंग्रजीत रूप ठरवणारं क्रियापद आधी येतं आणि मराठीत मागून येतं. वॉन्ट पुढं उभं राहून डूला दटावतं, आपलं टाकणं मागं उभं राहून करला करून करायला लावतं.

आपली भाषा इंग्रजी व्याकरणाच्या शेजारी ठेवून बघणारा एक मराठी माणूस १९ व्या शतकात होऊन गेला. त्याचं नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

एक घोळ आधीच मिटवू. आपल्या आज्यापणज्यांनी ज्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी घोकलं, ती लिहिणारे तर्खडकर वेगळे. ते द्वारकानाथ राघोबा. आपण बोलतोय ते त्यांच्या आधीच्या दादोबांबद्दल, ज्यांना पुढं लोक मराठीचे पाणिनी म्हणायला लागले.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईतला. घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खडचं. पेशवाई बुडाली तेव्हा दादोबा ४ वर्षांचे होते. म्हणजे ही मुंबईत कंपनी सरकारच्या शाळा सुरू होण्याच्या काळात वाढलेली पहिली पिढी. त्यांना संस्कृत येत होतं आणि इंग्रजीही आलं. शाळांमधून मराठी शिकवायचं ठरलं खरं, पण मराठी पोरांना मराठीतून मराठीचे नियम सांगायला पुस्तकं जवळजवळ नव्हतीच. विल्यम कॅरीनं १८०५ मध्ये श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं होतं, पण ते इंग्रजीत आणि साहेबांनी मराठी शिकावं म्हणून.

१८३६ मध्ये दादोबांचं महाराष्ट्र भाषेचे व्याकरण छापून आलं. लिहिणाऱ्याचं वय २२. आजच्या हिशोबात कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला पोरगा.

समोर नमुना म्हणून त्यांच्याकडं इंग्रजी व्याकरण होतं, मुख्यतः लिंडले मरेचं. हा मरे मूळचा अमेरिकेतला वकील. तब्येतीपायी इंग्लंडला आला आणि यॉर्कजवळ राहून त्यानं तिथल्या मुलींच्या शाळेसाठी १७९५ मध्ये व्याकरण लिहिलं. ते इतकं चाललं की जगभर जिथं जिथं इंग्रजी शिकवलं गेलं, तिथं ते पोचलं.

संस्कृतचा जुना हिशोब नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असा चौघांचा. आपण शाळेत नाम, सर्वनाम, विशेषण करत केवलप्रयोगीपर्यंत आठ जाती म्हणतो, तो साचा इंग्रजीकडून आला. विभक्ती आणि प्रयोग मात्र संस्कृतकडून राहिले. मराठी व्याकरण हे असं दोन घरचं पाहुणं आहे. दादोबांचं पुस्तक वाढत गेलं, सुधारत गेलं, शाळांतून कित्येक वर्षं शिकवलं गेलं. पोरांसाठी त्यांनी छोटं लघुव्याकरणही केलं.

अडचण एकच होती. साचा परक्या घरचा असला की काही वस्तू त्यात बसत नाहीत. मरेच्या यादीत इंग्रजीची सहाय्यक क्रियापदं होती, डू, बी, हॅव, कॅन, मे वगैरे. पण खाऊन टाक यातलं टाक कुठल्या खणात ठेवणार? तिथं कुणी काही टाकत नाही, उलट सगळं पोटात जातं. बोलून बसला यातला माणूस उभाही असू शकतो, बसला म्हणजे नको ते बोलला आणि आता निस्तरतोय. इंग्रजीला हे सांगायला वेगळीच हत्यारं लागतात, खाऊन टाकला तिथं ईट अप येतं. हा मराठीचा स्वतःचा माल आहे आणि माझ्या मते आपल्या व्याकरणातला सगळ्यात मजेशीर भागही हाच आहे.

पुढच्या लोकांनी दादोबांना सोडलं नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाची लेख लिहून कडक तपासणी केली. १९११ मध्ये मोरो केशव दामले, म्हणजे कवी केशवसुतांचे भाऊ, यांनी शास्त्रीय मराठी व्याकरण काढलं आणि आधीच्या सगळ्यांची मतं पुन्हा घासून बघितली. खेळू लागला हे संयुक्त क्रियापद आणि खेळायला गेला हे नाही, असं का, हा प्रश्न स्पर्धा परीक्षावाल्यांना आजही छळतो. शाळेतलं उत्तर सोपं आहे. खेळू लागला यात क्रिया एकच, खेळण्याची. खेळायला गेला यात जाणंही खरंच घडतं. पण याच मोजमापानं कोल्हापूरचं जेवायलोय मोजायला घ्या, गडी पुन्हा गोंधळतो.

असो. दादोबा फक्त व्याकरणात रमले असते तर त्यांची गोष्ट इथंच संपली असती.

माळव्यात जावऱ्याच्या नवाबाकडं शिक्षकी, मग मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये, मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत अशी नोकरी फिरत राहिली. सुरतेला १८४४ मध्ये त्यांनी दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा सुरू केली. जातिभेद, भुताखेतांची भीती आणि मंत्रतंत्र यांच्याविरुद्ध उघड बोलायचं, असा कार्यक्रम. सभेतल्या पाच मुख्य माणसांची नावं द वरून सुरू होत होती, दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास.

१८४६ मध्ये ते मुंबईला परतले, शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासवर. काही वर्षांतच इथं परमहंस सभा उभी राहिली. सुरतेची सभा उघड होती, ही गुप्त. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर, पण विचार दादोबांचा. आत येणाऱ्यानं जातिभेद मोडायची शपथ घ्यायची आणि ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव सगळ्यांसमोर खायचा. आज मिसळीबरोबर आपण दोन पाव सहज संपवतो. तेव्हा हा घास कळला असता तर माणूस वाळीत पडला असता, बहिणीचं लग्न मोडलं असतं, मयताला खांदेकरी मिळाले नसते. म्हणून गुप्तता.

पण १८६० च्या सुमारास सभासदांची यादी असलेली वही चोरीला गेली. नावं फुटणार म्हटल्यावर मंडळींची पळापळ झाली आणि सभा मोडली. ज्यांचा धीर टिकला त्यांच्यातूनच १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला. तो काढण्यात पुढं होते दादोबांचे धाकटे भाऊ, डॉक्टर आत्माराम पांडुरंग. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी इंग्रजी पक्कं करायला एक १७ वर्षांचा बंगाली पोरगा याच आत्मारामांच्या घरी राहिला होता. त्याला शिकवायची जबाबदारी आत्मारामांच्या मुलीकडं, अन्नपूर्णाकडं होती. पोरगा म्हणजे रवींद्रनाथ टागोर. दुसरे भाऊ भास्कर यांनी १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावानं पत्रं लिहून कंपनी सरकार देश कसा लुटतंय ते मांडलं होतं.

मोठ्या भावाची गाडी मात्र वेगळ्या रुळावर गेली. १८५२ मध्ये दादोबा नगरला डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांचं बंड मोडण्यात त्यांनी सरकारला साथ दिली आणि रावबहादूर झाले. त्याच काळात, १८५७ मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहाची बाजू घेणारं विधवाश्रुमार्जनही त्यांनी लिहिलं. एकाच माणसाच्या खात्यावर या दोन्ही नोंदी आहेत आणि एक दाखवून दुसरी झाकायचं कारण नाही.

नोकरी संपल्यावर ते पुन्हा पुस्तकांत शिरले. मोरोपंतांच्या केकावलीवर यशोदापांडुरंगी ही टीका लिहिली, स्वीडनबोर्ग या युरोपियन तत्त्वज्ञावर इंग्रजीत पुस्तक केलं. व्याकरण डोक्यातून गेलं नव्हतंच. १८८१ मध्ये, पहिल्या आवृत्तीनंतर ४५ वर्षांनी, त्यांनी आपल्या व्याकरणाला पूरणिका जोडली. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ ला ते गेले.

आत्मचरित्रही लिहायला घेतलं होतं, पण ते १८४६ पर्यंत येऊन थांबलं. म्हणजे परमहंस सभेची गोष्ट सुरू व्हायच्या आधीच. ते पुस्तकरूपात यायला १९४७ साल उजाडलं, अ. का. प्रियोळकरांनी ते संपादित करून छापलं.