जग्वारचे विल्यम लायन्स आणि सेकंड-हँड वेगवान गाडीचं गणित

जुनी पण पळणारी सलून कार घ्यायची स्वप्नं बघताय? मग सर विल्यम लायन्स यांची गोष्ट वाचाच.

जन्म १९०१, इंग्लंडमधलं ब्लॅकपूल. १९२२ मध्ये त्यांनी भागीदारासोबत मोटरसायकलच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. पुढे हीच कंपनी जग्वार झाली. दुसऱ्या महायुद्धात कोव्हेंट्रीच्या कारखान्यात रात्री आगीवर पहारा देता देता त्यांनी आपल्या इंजिनिअर्ससोबत नव्या इंजिनाची आखणी केली. तेच सहा सिलिंडरचं 'एक्सके' इंजिन.

१९५९ मध्ये मार्क २ ही चार दारांची सलून आली. ३.८ लिटर इंजिन, ताशी सुमारे २०० किमी वेग, चारही चाकांना डिस्क ब्रेक. तरी लायन्स किंमत आटोक्यात ठेवायचे.

मला इंजिनिअर म्हणून खरा मुद्दा इथे दिसतो. अशी गाडी जुनी झाली की किंमत उतरते, पण दोन कॅमशाफ्ट, दोन कार्ब्युरेटर, चार डिस्क तेवढेच राहतात. म्हणजे गाडी स्वस्त, देखभाल महागच!

लायन्स १९८५ मध्ये गेले. २००८ मध्ये जग्वार टाटांकडे आली. गणित मात्र बदललं नाही. म्हणून सगळं बजेट खरेदीतच संपवू नका, दुरुस्तीचे पैसे आधीच बाजूला काढा.