जिम कॉर्बेट : रानात विरून जाणारा शिकारी

जंगलात जायचे म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे हवेतच, अशी समजूत आता शहरी पर्यटकांतही रुजली आहे. ज्या देशांत शिकारीला कायद्याची परवानगी आहे, तिथे तर अशा पोशाखांचा मोठा व्यापार चालतो. पण ज्या माणसाने तीन दशकांहून अधिक काळ नरभक्षक वाघ-बिबट्यांचा माग पायी आणि बहुधा एकट्याने काढला, त्या जिम कॉर्बेट यांच्या अंगावर असा पोशाख नव्हता. साधा खाकी सदरा, अर्धी विजार आणि पातळ रबरी तळव्यांचे बूट, एवढाच त्यांचा सरंजाम. तरीही रान त्यांना आपल्यात सामावून घेत असे. ते कसे, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यातच सापडते.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट तिथे पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन यांच्यावर पडला. उन्हाळ्यात नैनिताल आणि हिवाळ्यात पायथ्याचे कालाढुंगी, असा या कुटुंबाचा क्रम होता. कालाढुंगीच्या घराला लागूनच रान होते आणि तीच जिम यांची खरी शाळा ठरली. आधी गलोल, मग एक नळी फुटलेली जुनी ठासणीची बंदूक, ही त्यांची पहिली हत्यारे. थोरला भाऊ टॉम आणि चोरून शिकार करणारा कुंवरसिंग हे त्यांचे गुरू. भेकर कशाला भिऊन ओरडते, वानर झाडावरून कोणाची वर्दी देते, चितळ पाय आपटून कुठे पाहते, हे ते लहानपणीच शिकले. पाखरांचे आणि जनावरांचे आवाज त्यांना हुबेहूब काढता येत. रानात दिसू नये कसे, यापेक्षा रान काय सांगते आहे ते ऐकावे कसे, हा त्यांचा पहिला धडा होता.

घरच्या परिस्थितीमुळे अठरा वर्षांच्या आसपासच त्यांना रेल्वेची नोकरी धरावी लागली. पुढे गंगाकाठच्या मोकामेह घाटावर मालाची चढ-उतार करून घेण्याच्या कामात त्यांची वीसहून अधिक वर्षे गेली. नरभक्षकांच्या शिकारी ते रजा काढून करीत.

१९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीसाठी त्यांना बोलावणे आले. नेपाळातून हुसकावलेल्या या वाघिणीने तोवर चारशेहून अधिक माणसे मारली होती. एका मुलीला तिने उचलून नेल्यानंतर कॉर्बेट रक्ताच्या खुणांवरून एकटेच मागावर गेले. मुलीच्या अवशेषांपाशी ते वाकले असताना वरच्या दरडीवरून मातीचे चार खडे घरंगळले. वाघीण वर उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. आधी तिने त्यांना पाहिले होते, त्यांनी तिला नव्हे. रानाच्या रंगाचे कपडे असते तरी त्यात फरक पडला नसता. सावध केले ते घरंगळत्या मातीने. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांच्या मदतीने सुमारे तीनशे गावकऱ्यांचा हाका घालून त्यांनी वाघिणीचा शेवट केला.

या शिकारींतून त्यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. माणसाला वासावरून वाघ ओळखता येत नाही, हे वाघाला ठाऊक नसते. म्हणून नरभक्षकही हरणावर जावे तसाच, वाऱ्याच्या उलट दिशेने माणसावर चालून येतो. त्यामुळे वारा समोरून येत असेल तर धोका पाठीमागे, पाठीवर असेल तर समोर. कॉर्बेट चालताना वाट सतत या हिशेबाने बदलत. वाऱ्याचा हा हिशेब हेच त्यांचे चिलखत होते.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात केदारनाथ-बद्रिनाथच्या यात्रामार्गावर सव्वाशे माणसे मारली. हा बिबट्या रात्री हिंडणारा. अंधारात पोशाखाच्या रंगाला अर्थ उरत नव्हता. गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावर कॉर्बेट रात्रीमागून रात्र निश्चल बसून राहिले आणि मे १९२६ च्या आरंभी, खाली बांधलेल्या बकरीच्या घंटेच्या आवाजावरून त्यांनी बिबट्याला टिपले.

पोशाखाचा प्रयोग त्यांनी केलाच नाही असे नाही. नरभक्षकाला फसवण्यासाठी पहाडी स्त्रीचा वेश करून गवत कापण्याचे सोंग त्यांनी अनेकदा घेतले. दोन वेळा नरभक्षक त्यांच्यावर चालूनही आले, परंतु खडकाच्या आणि पडलेल्या झाडाच्या आडोशाने. गोळी झाडण्याची संधी मिळालीच नाही. वेशाने जनावर जवळ आले, पण ते दृष्टीस पडले नाही.

कपड्यांच्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर ११ एप्रिल १९३० रोजी मिळाले. चौगढच्या वाघिणीने पाच वर्षांत ६४ बळी घेतले होते. तिच्या शोधात ओढ्यातून जाताना कॉर्बेट यांना रातव्याची दोन अंडी सापडली. अंडी जमवण्याचा छंद असल्याने ती त्यांनी डाव्या हातात घेतली; उजव्या हातात रायफल होती. एका प्रचंड शिळेला वळसा घालून त्यांनी खांद्यावरून मागे पाहिले, तो आठ फुटांवर वाघीण. लपण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांची नजर एकमेकांवर खिळली होती. त्यांनी रायफल एकाच हाताने, जवळजवळ न जाणवेल इतक्या सावकाश फिरवत नेली. नळी तिच्यावर येईपर्यंत वाघीण हलली नाही. दोन्ही हात मोकळे असते तर झटक्यात वळण्याचा मोह झाला असता आणि त्या झटक्यासरशी वाघिणीने झेप घेतली असती, असे त्यांचे मत होते. शिकार संपल्यावर अंडी त्यांनी पुन्हा जागेवर नेऊन ठेवली.

कॉर्बेट यांच्या अनुभवाला आज विज्ञानाचा आधार मिळाला आहे. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. हरणांच्या आणि वाघांच्या डोळ्यांत दोनच. तांबडा-नारिंगी आणि हिरवा यांतला फरक त्यांना फारसा कळत नाही. म्हणूनच आपल्याला भडक वाटणारा वाघ चितळाला गवताच्या रंगाचाच दिसतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीला जाताना भडक नारिंगी जाकीट सक्तीचे असते, त्याचेही कारण हेच. हरणाला तो रंग खटकत नाही आणि दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी चुकून लागण्याचा धोका मात्र टळतो. पट्टे-ठिपक्यांचा उपयोग अगदीच नाही असे नव्हे. शरीराची बाह्यरेषा तुटल्याने आकृती ओळखणे अवघड जाते. वाघाच्या पट्ट्यांचे कार्य तेच आहे. पक्ष्यांची रंगदृष्टी तर माणसाहूनही तीक्ष्ण असल्याने बदकांच्या शिकारीत कपड्यांना महत्त्व येते. पण पट्टेरी वाघालाही दबा धरून, पाऊल न वाजवता, वारा राखूनच जावे लागते. हालचाल झाली की नक्षी व्यर्थ ठरते.

नोव्हेंबर १९३८ मध्ये ठाक येथे त्यांनी अखेरची नरभक्षक वाघीण मारली. ती जोडीदाराच्या शोधात आहे हे ओळखून त्यांनी नर वाघाची साद घातली आणि मावळत्या उजेडात ती त्या आवाजाच्या दिशेने चालत आली. एव्हाना बंदुकीपेक्षा कॅमेरा त्यांना अधिक प्रिय झाला होता. वाघांचे चलच्चित्रण करताना मुख्य अडचण होती ती कॅमेऱ्याच्या घरघरीची. यासाठी त्यांनी रानातला एक लहानसा ओढा अडवून छोटे धबधबे तयार केले आणि त्यांच्या खळखळाटात कॅमेऱ्याचा आवाज बुडवला. पाचोळा वाजू नये म्हणून, दवाने तो भिजलेला असताना, पहाट होण्यापूर्वी ते जागेवर पोहोचत. चार महिन्यांहून अधिक काळच्या या खटाटोपातून सात वाघ भर दिवसा काही पावलांवरून चित्रित झाले आणि त्यांतल्या एकालाही कॉर्बेट दिसले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, छिंदवाडा येथे सैनिकांना जंगलयुद्धाचे शिक्षण देण्याचे काम लेफ्टनंट कर्नल कॉर्बेट यांच्याकडे आले. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी तोवर खाकी गणवेशाऐवजी हिरवा गणवेश आला होता. तिथे रंगाला अर्थ होता, कारण समोर पाहणारा डोळा माणसाचा होता. पण रान वाचायचे कसे, हे शिकवायला कॉर्बेटच लागले.

१९४७ मध्ये ते बहीण मॅगीसह केनियातील न्येरी येथे गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच निवर्तले. ज्या अभयारण्याच्या स्थापनेसाठी ते झटले, त्या देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला १९५७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशात शिकारीचा काळ संपला, परंतु कॉर्बेट यांची विद्या कालबाह्य झालेली नाही. वारा पाहावा, आवाज ऐकावा, घाई करू नये आणि स्वस्थ बसावे, एवढीच ती विद्या आहे. वाघ पाहण्याची इच्छा असलेल्या कोणालाही ती आजही उपयोगी पडते आणि ती शिवून घ्यायला शिंप्याकडे जावे लागत नाही.