शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबई येथे झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचे विलक्षण वेड होते. चौदाव्या वर्षीच त्यांनी दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे एक छोटे उपकरण घरी बनविले.

एकोणिसावे शतक संपता संपता लंडनच्या एका नियतकालिकाने संशोधकांची एक स्पर्धा योजिली. साखर, पीठ असे सुटे जिन्नस आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवावयाचे होते. काम दिसते तितके सोपे नव्हते. वाणी तागडीत साखर ओततो तेव्हा त्याची नजर काट्यावर असते. पारडे खाली येऊ लागताच तो मनाशी ठरवितो आणि हात आवरता घेतो. यंत्राला ना डोळे, ना मन. मग त्याने थांबावे केव्हा?

अशा यंत्रांत तराजूची दांडीच डोळ्यांचे काम करू शकते. दांडीच्या एका टोकाला ठरावीक वजन असते. दुसऱ्या टोकाच्या पात्रात माल पडत राहतो. दोन्ही बाजू समतोल झाल्या की दांडी हलते व त्या हालचालीनेच वरचे झाकण मिटते. झाकण मिटल्यावरही वाटेत असलेला माल पात्रात पडतोच. तेवढा हिशेब आधी धरावा लागतो. भिसे यांनी मुंबईहून आपला आराखडा पाठविला आणि इंग्लंडमधील स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळविले.

राहाता तालुक्यातील प्रवरानगर ज्या साखरधंद्यासाठी प्रसिद्ध आहे, त्या धंद्यात पोती भरताना आता दांडीची जागा विजेच्या उपकरणांनी घेतली आहे. भाराने पोलादाचा तुकडा किंचित वाकतो, त्याला चिकटविलेली बारीक तार ताणली जाते, तिच्यातील वीजप्रवाह बदलतो आणि तो फरक ओळखून यंत्र झडप मिटविते. यंत्रमानवाच्या हातालाही वस्तूचा भार याच तत्त्वावर कळू शकतो.

बक्षिसाने धीर येऊन भिसे लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी यांनी त्यांना मोठा आधार दिला. छपाईचे शिशाचे खिळे झपाट्याने ओतणारे ‘भिसोटाइप’ हे यंत्र त्यांनी सिद्ध केले. परंतु ते बाजारात आणण्यास लागणारे भांडवल काही उभे राहीना. यंत्र घडविणे त्यांना साधले. पैसा उभा करण्याची विद्या मात्र त्यांच्यापाशी नव्हती. १९०८ मध्ये ते खिन्न मनाने मायदेशी निघाले. त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांनी शब्द टाकला आणि रतनजी टाटा यांनी भिसे यांच्या प्रयोगांना द्रव्यसाहाय्य दिले. १९१० मध्ये दोघांच्या नावाने संस्थाही निघाली, पण तिलाही अपेक्षित यश लाभले नाही.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर भिसे अमेरिकेस गेले व न्यूयॉर्कमध्ये त्यांनी पुन्हा खिळे ओतण्याचे यंत्र हाती घेतले. आयोडीनयुक्त असे एक औषधही त्यांनी तयार केले, आणि गंमत अशी की यंत्रांनी न दिलेला पैसा त्यांना त्या औषधाने दिला. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथेच त्यांचे निधन झाले.