विश्लेषण : खत देऊनही रोप का खुंटते? स्वतःच्याच खताने फसवलेल्या शास्त्रज्ञाची गोष्ट

बीड जिल्ह्यातील धारूर आणि सीताफळ यांचे नाते जुने आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ‘धारूर-६’ नावाचा वाणही आहे. वाण जसाच्या तसा हवा तर कलम बांधावे लागते. मात्र कलमाचा खुंट बियांपासूनच वाढवतात. पिशवीतले हे रोप वीतभर उंचीवर अडले, पाने पिवळी पडली, की कलमाचा हंगाम हातचा जातो. मग हात जातो युरियाच्या गोणीकडे. ही घाई कुठे चुकते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ जस्टस फॉन लिबिग यांच्या आयुष्यातून कळते.

कोण होते लिबिग?

जन्म १८०३, डार्मस्टाट. वडील रंग आणि रसायने विकत. लिबिग १३ वर्षांचे असताना, १८१६ मध्ये, युरोपात उन्हाळा जवळपास आलाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. पिके बुडाली, लोक उपाशी राहिले. पॅरिसमध्ये शिकून ते वयाच्या २१व्या वर्षी गीसेन येथे प्राध्यापक झाले.

झाड कुजलेला पालापाचोळाच ‘खाते’, असा तेव्हा समज होता. लिबिग यांनी १८४० च्या पुस्तकात तो खोडून काढला : झाड कार्बन हवेतून घेते आणि जमिनीतून खनिजे. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, तेच वाढ रोखते. बाकीची कितीही ओता, उपयोग नाही. हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो, पण तो आधी कार्ल स्प्रेंगेल यांनी मांडला होता. श्रेय प्रसिद्ध माणसाकडे गेले, एवढेच.

मग खत फसले कसे?

१८४५ मध्ये लिबिग यांचे पेटंट खत इंग्लंडमध्ये विक्रीला आले. पावसात पोटॅश वाहून जाईल या भीतीने त्यांनी ते चुन्यासोबत वितळवून घट्ट केले होते. खत शेतातच राहिले, पण मुळांना मिळाले नाही, कारण ते पाण्यात विरघळतच नव्हते. शेतकऱ्यांचे पैसे गेले, लिबिग यांची अब्रू गेली. माती पोटॅश आणि अमोनिया स्वतःच धरून ठेवते, हे १८५० मध्ये थॉमस वे यांनी दाखवले. म्हणजे मूळ भीतीच चुकीची होती!

दुसरी चूक नत्राची. पिकाला हवेतून पुरेसा अमोनिया मिळतो, असे लिबिग मानत. रोथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी शेतात प्रयोग करून ते खोटे ठरवले. यातले गिल्बर्ट लिबिग यांचेच विद्यार्थी. नत्रावर गुरुजी भांडत राहिले, पोटॅशबाबतची चूक मात्र त्यांनी १८६२ च्या आवृत्तीत उघड मान्य केली. १८७३ मध्ये म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

पिशवीतल्या रोपाला हे कसे लागू?

मराठवाड्यातील अनेक जमिनींत चुनखडी जास्त असते. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, हे त्याचे लक्षण. हिराकस मातीत टाकले तर तेही चुनखडीत अडकते, लिबिग यांच्या खतासारखेच. म्हणून पातळ द्रावणाची पानांवर फवारणी करतात. आधी चार-पाच रोपांवर करून पाहावी. नवी पाने बारीक, पेरे आखूड असतील तर जस्ताची शंका घ्यावी. खालची जुनी पाने आधी फिकी पडली तर मात्र नत्र कमी आहे आणि तिथे युरिया योग्यच, तोही अगदी थोडा.

याआधी एक रोप पिशवीतून काढून मूळ बघायला हवे. पिशवीला भोके नसतील, माती चिकट असेल, मुळे तपकिरी होऊन सडत असतील किंवा तळाशी वेटोळी घालत असतील, तर खताचा प्रश्नच येत नाही. पाणी कमी करून रोप मोठ्या पिशवीत, माती-वाळू-शेणखताच्या मोकळ्या मिश्रणात हलवावे आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये.